बोलली होती, सांगितलं नव्हतं

त्या वर्षी विटा पाडून झाल्या होत्या, वाळूनही झाल्या होत्या, भट्टी पेटवायची तेवढी राहिली होती, आणि तेव्हाच वरून हुकूम आला की चिमणीतून काळा धूर दिसला तर भट्टीला कुलूप. वरून म्हणजे कुठून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या साहेबाने मालकाला सांगितलं, मालकाने मॅनेजरला, मॅनेजरने आवारात उभं राहून सगळ्यांना. हुकूम असा उतरत उतरत आला आणि पाणी जसं खोलगट जागा शोधतं तसा येऊन एका घरात साचला. कामगारांच्या खोल्यांच्या रांगेतलं ते शेवटून दुसरं घर.

त्या घरात चौघं राहत होती. म्हातारा भट्टीचा आगवाला. रचलेल्या विटांच्या डोक्यावर उभं राहून खालच्या आगीला कोळसा भरवण्यात त्याने उभं आयुष्य घालवलं होतं. म्हातारी आवार झाडायची आणि झाडता झाडता सगळ्यांच्या भानगडी गोळा करायची. मुलगा कच्च्या विटांचा हातगाडा ओढायचा. आणि सून रचाई करायची. भट्टीच्या लांबट गोल खंदकात उतरून ती कच्च्या विटा एकीवर एक अशा मांडायची की मधून वारा जावा, आग जावी, आणि वरून माणसं चालली तरी थर हलू नये. हात चालू असले की तोंड गुणगुणायचं:

*एक वीट आडवी बाई, एक वीट उभी,*
*वाऱ्याला गं वाट ठेवली, येऊ दे तो कधी.*

काळा धूर जावा म्हणून मॅनेजर कुठल्याशा दुसऱ्या भट्टीवर जाऊन नवी रीत शिकून आला. आता विटा सरळ रांगेत लावायच्या नाहीत, नागमोडी लावायच्या. वारा वळणं घेत जाईल, आग सावकाश फिरेल, आणि कोळसाही घमेलं-घमेलं ओतायचा नाही, चमच्याने घालायचा. तो खंदकात उतरला आणि विटा मांडून दाखवू लागला. त्याची बोटं मऊ होती. तिसऱ्या थराला भिंत कलली. बाया तोंडाला फडकी लावून हसल्या.

"सरका जरा, साहेब," सून म्हणाली. त्याने सांगितलं तसंच तिने मांडलं, फक्त वळणावर वीट अर्धी मागे घेतली. भिंत उभी राहिली. मॅनेजरने हात लावून पाहिलं, पुन्हा जोरात ढकलून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मालक आला. चपलेला माती लागू नये म्हणून फळीवर उभा राहून म्हणाला, "रचाई हिला कळली. आग हिच्या रचाईतून जाणार. तेव्हा आजपासून भट्टीवर हिचा शब्द. खालीही आणि वरही."

वरही म्हणजे आगीवरही. एवढं बोलून तो गाडीत बसला. जायच्या आधी मॅनेजरने एक पिवळी, टणक टोपी तिच्या डोक्यावर ठेवली. ती कानांवरून घसरून भुवयांपर्यंत आली. आवारात हशा पिकला. फक्त म्हातारा हसला नाही. तो फावड्याच्या पात्याला चिकटलेला कोळसा दुसऱ्या फावड्याने खरवडत होता, आणि पातं स्वच्छ झाल्यावरही खरवडतच राहिला.

*

संध्याकाळी हातगाडे लावून पुरुष नळावर अंग धुवायला जमले, तेव्हा तिच्या नवऱ्याची हजेरी घेतली गेली.

"काय रे, घरात पण टोपी घालूनच वाढते का?"

"याला विचारू नका. आधी बोलायची परवानगी काढू दे."

तो हसला. हसण्यावारी न्यावं लागतं अशा वेळी. घरी आला आणि ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसला.

"अगं, बाबांना काही सांगायचं असलं तर मला सांगत जा. मी सांगेन."

"मग टोपी पण तुम्हीच घाला," ती म्हणाली.

"नको. माझं डोकं गाड्याखाली बरं आहे."

म्हातारी कोपऱ्यात दिवा पुसत होती. म्हातारा अजून आला नव्हता. "घरात हुकूम देणारं एकच माणूस असतं," ती दिव्याला म्हणाली, "आणि ते कधी हुकूम देत नाही. माझं बघ. मी यांना इतक्या वर्षांत पाणी आणा म्हटलेलं नाही. मी घागरीला म्हणते, बाई गं, तू रिकामी झालीस. की हे उठलेच."

"आई, भट्टीवर घागर नाही."

"मग कोळशाला म्हण," म्हातारी म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन दिवा लावला.

म्हातारा आला, जेवायला बसला. सून वाढत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने त्याला कधी अमुक करा, तमुक आणा असं म्हटलं नव्हतं. ताट मांडलं की "जेवण झालंय" म्हणायची. पाणी तापलं की "पाणी तापलंय." पुढचं तो समजून घ्यायचा. बोलण्याची ही पद्धत तिला कुणी शिकवली नव्हती. श्वासासारखी आत आली होती.

*

भट्टीच्या माथ्यावर राखेचा जाड थर असतो. त्या थरात ओळींनी भोकं, भोकांवर लोखंडी झाकणं. पायांत लाकडी तळाच्या चपला नसतील तर माणूस चार पावलं चालू शकणार नाही. रचाई भरून भट्टी पेटली, तेव्हा सून पहिल्यांदाच तिथे चढली. खालून येणारा उबारा पोटऱ्यांना चाटत वर आला आणि टोपीच्या आत घामाची धार लागली.

म्हाताऱ्याचा जोडीदार वर होताच. त्याला सगळे मुका म्हणायचे, कारण तो झोपेतही बोलायचा.

"या, मुकादमीणबाई," मुका म्हणाला. "बसायला खुर्ची नाही, पण जागा गरम ठेवलीय."

दोघांची रीत ठरलेली होती. दोन्ही बाजूंनी झाकणं उघडायची, फावडी भरभरून कोळसा ओतायचा, झाकणं लावायची, आणि चहा होईपर्यंत टेकायचं. ओतलं की चिमणीतून काळा भपकारा निघायचा. तो दिसला की खालच्या बाया म्हणायच्या, आग जेवली. नव्या रीतीत आगीला घासाघासाने भरवायचं होतं. एकाने लांब दांड्याचा चमचा घेऊन, या भोकातून त्या भोकात, थोडं थोडं, न थांबता.

म्हाताऱ्याने आकडीने पहिलं झाकण बाजूला केलं. भोकातून केशरी उजेड त्याच्या हनुवटीवर आला. चमचा भिंतीला उभा होता, नवा, चकचकीत. त्याचा हात सवयीने फावड्याकडे गेला.

सुनेच्या तोंडात शब्द आला. दातांपर्यंत आला. समोर म्हाताऱ्याची वाकलेली पाठ होती, मानेवर राखेची रेघ. शब्द तिथेच वळला.

"आता थोडं थोडं टाकायला हवं," ती चिमणीकडे बघत म्हणाली.

"हवं तर खरं," म्हातारा म्हणाला, आणि त्याने फावडं भरून ओतलं.

ती पुन्हा म्हणाली, "नव्या रचाईत फावडं चालत नाही म्हणतात."

"म्हणतात खरं," म्हातारा म्हणाला. पुन्हा ओतलं.

त्याच्या आवाजात राग नव्हता. हवा कशी आहे यावर दोन माणसं बोलत असावीत तसं चाललं होतं. दिवसभर ती असंच बोलत राहिली आणि तो दिवसभर हो म्हणत राहिला. मुका एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीचा माथा एका जागी खचला. राखेचा थर वाटीसारखा आत गेला होता. नागमोडी वाटांमध्ये कोळसा ढिगाने अडकला, एकाच जागी भडकला, आणि विटा वितळून एकमेकींना चिकटल्या. थंड झाल्यावर पहारीने फोडून काढलं तेव्हा त्या विटा नव्हत्या. काळ्यानिळ्या काचेसारखा एक खडक होता, आणि त्यात तिने ठेवलेल्या वाऱ्याच्या सगळ्या वाटा बुजल्या होत्या. तिने त्यावर हात फिरवला. वळणावरची अर्धी मागे घेतलेली वीट बोटांना लागली.

*

मालक आला. या खेपेला फळीवर उभा राहिला नाही, सरळ चिखलातून आला.

"तू सांगितलं नव्हतंस, थोडं थोडं टाकायचं म्हणून?"

"सांगितलं होतं," सून म्हणाली.

मालकाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "हिने सांगितलं होतं?"

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि खरं कसं बसवावं ते कळत नव्हतं. "बोलली होती," तो म्हणाला.

"तेच ते."

"तेच ते नाही, मालक. बोलली होती. सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर केलं असतं."

मालकाने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने जमिनीकडे. दोघांनाही म्हातारा शब्दांचा कीस काढतोय असं वाटलं. सुनेला मात्र ते बरोबर जाऊन लागलं.

"मला तुमच्या घरातलं कळत नाही," मालक म्हणाला. "आग फिरत फिरत भट्टीच्या दाराच्या बाजूपर्यंत येईस्तोवर, म्हणजे ही फेरी पुरी होईस्तोवर बघतो. पुन्हा असा खडक निघाला, किंवा काळा धूर दिसला, तर बाहेरून पूर्ण टोळी आणतो. ती रचाईसकट, आगवाल्यासकट येते. तिला राहायला खोल्याही लागतील."

पुढचं तो बोलला नाही. सगळ्यांनी आपापल्या खोल्यांच्या रांगेकडे पाहिलं. दोरीवर कुणाची तरी चादर वाळत होती.

*

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचाच आवाज. म्हातारा बाहेर ओट्यावर बसला होता. सून आत पीठ मळत होती आणि पीठ कधीचं मळून झालं होतं.

"सांगितलं असतं तर केलं असतं, म्हणाले," ती म्हणाली.

"मग केलं असतंच," म्हातारी म्हणाली. या वेळी ती दिव्याशी वगैरे बोलली नाही. "ते खोडसाळ नाहीत. पण त्यांना आजवर कुणी टाका म्हटलेलंच नाही गं. मालकाच्या बापानेसुद्धा नाही. आगच सांगायची, हे ऐकायचे. आता मधेच तू, आणि तीही चिमणीकडे बघून बोलणार. त्यांना वाटलं असेल, पोर मनातलं बोलतेय."

"मी त्यांना टाका म्हणू? तोंडावर?"

"पाठीवर म्हटलंस म्हणून तर एवढा खडक झाला."

नवरा दारातून आत वाकला. "मी बोलू का बाबांशी?"

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "सांगायचं मलाच आहे."

सकाळी ती नळावर सगळ्यांच्या आधी गेली. घागर भरत होती आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होती, टाका. थांबा. झाका. शब्द साधेच, रोजचे. बसमध्ये, दुकानात, कुणालाही म्हणतो आपण. पण त्यांच्या मागे म्हाताऱ्याचा चेहरा ठेवला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. घागर भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मुकादमीणबाई, पाण्याला थांब म्हणा." ती हसली नाही आणि रागावलीही नाही. नळ बंद केला.

वर चढली तेव्हा टोपी तिने काढून ठेवली होती. डोक्याला फडकं बांधलं होतं. म्हाताऱ्याने झाकण बाजूला केलं. ती चालत त्याच्या समोर आली, पाठीमागे नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "चमचा घ्या."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. राखेने भरलेल्या भुवयांखाली त्याचे डोळे लाल होते, पण ते रोजच लाल असायचे. त्याने फावडं खाली ठेवलं. चमचा घेतला.

"टाका. अर्धाच."

त्याने टाकला.

"पुढच्यात."

त्याने पुढच्यात टाकला.

"थांबा."

तो थांबला. भरलेला चमचा तसाच हवेत, लांब दांड्याच्या टोकाला, आणि त्याच्या दंडातली शीर उडत होती. खाली हातगाडा ओढणारा नवरा गाड्यासकट उभा राहिला होता. सगळं आवार वर बघत होतं.

"टाका," ती म्हणाली.

दुपारपर्यंत चिमणीचा धूर विरळ झाला. मग पांढुरका. मग तर असा की धूर आहे की नुसती हवा हलतेय ते कळेना. मॅनेजर मान वर करून बघत राहिला, मान दुखली तेव्हा कुठे खाली घेतली. म्हातारा ऐकतो म्हटल्यावर बाकीचेही ऐकू लागले. रचाईतल्या बाया, गाडेवाले, मुकासुद्धा. ती "घ्या" म्हणाली की घ्यायचे, "ठेवा" म्हणाली की ठेवायचे. काम एखाद्या सुरात आल्यासारखं चालू लागलं. तिला वाटलं, एवढंच तर होतं.

घरी म्हातारा पूर्वीसारखाच जेवायचा. फक्त तिच्याशी बोलणं कमी झालं होतं. ती वाढायला आली की तो ताटावर हात आडवा धरायचा, बस म्हणून. तोंडाने बस म्हणायचा नाही.

*

मग वारा फिरला. एवढे दिवस चिमणीच्या अंगाने वाहत होता, तो एका सकाळी उलट्या बाजूने आला. कोरडा, टोचणारा, डोळ्यांत राख घालणारा. सून वर उभी होती. धूर अगदी स्वच्छ होता म्हणून तिला बरं वाटत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "भरपूर झालं."

म्हातारा थांबला. भोकात एकदा बघितलं, झाकण लावलं, चमचा आडवा ठेवून बसला. बराच वेळ तिने पुन्हा टाका म्हटलं नाही. तोही बसून राहिला.

संध्याकाळी तिने झाकण उघडलं तर आत केशरी नव्हतं. गढूळ लाल होतं, राखेखालच्या निखाऱ्यासारखं. आग पुढे सरकलीच नव्हती. ती ओळ कच्ची राहिली. काढल्या तेव्हा विटा पिवळट, नखाने ओरखडा उठावा अशा. खडक नव्हता हा, पण यांची भिंतही उभी राहिली नसती.

ती म्हाताऱ्यापाशी गेली. तो चपलांचे लाकडी तळ एकमेकांवर आपटून राख झाडत होता.

"मामंजी, तुम्हाला दिसलं होतं? आग बसत चालली होती ते?"

"दिसलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

म्हाताऱ्याने चप्पल पालथी करून बघितली. "बोल म्हणून कुठे सांगितलं होतं," तो म्हणाला.

टोमणा नव्हता त्यात. असता तर तिने सहन केला असता. तो नुसतं जे झालं ते सांगत होता. त्याने हात तिच्या शब्दाला दिले होते आणि हातांबरोबर डोळेही दिले होते. ती तिथेच राखेच्या ढिगाशेजारी उभी राहिली. तिला आठवलं, गेल्या कित्येक दिवसांत वर तिला कुणीच काही म्हणालं नव्हतं. मुका चेष्टा करायचा नाही. बाया विचारायच्या नाहीत. सगळे तिच्या तोंडाकडे बघत असायचे. तिला ते ऐकणं वाटलं होतं.

*

आग दाराच्या बाजूला पोचायला आता शेवटच्या ओळी राहिल्या होत्या. मालक सकाळपासून आवारात होता, हात मागे बांधून चिमणीखाली फिरत होता. वारा अजून उलटाच होता.

म्हातारा चमचा घेऊन उभा होता. मुका कोळशाची पाटी धरून.

"मामंजी," सून म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. सांगा."

पहिल्यांदाच त्याने तिला सांग न म्हणता सांगा म्हटलं. मुक्याने पाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिला वाटलं, हा मान नव्हे. हे दार ओढून घेणं आहे.

"विचारतेय मी," ती म्हणाली. "बघून सांगा."

तो हलला नाही. खाली मालक वर बघत होता. थांबून चालण्यासारखं नव्हतं. मग तिनेच आकडीने झाकण ओढलं, गुडघे टेकले, आणि आत बघायला वाकली. आत काय दिसतं ते तिला अजून नीट वाचता येत नव्हतं. नुसता उजेड, हलणारा, डोळे दिपवणारा. ती आणखी खाली वाकली. वाऱ्याने डोक्याच्या फडक्याचं टोक सुटलं आणि भोकावर लोंबलं.

"मागे हो," म्हातारा ओरडला.

ती मागे फेकल्यासारखी झाली, राखेत बसली. भोकातून हातभर ज्वाळ उसळून वर आली आणि खाली गेली. फडक्याचं टोक जळून काळं झालं होतं. म्हाताऱ्याने ते मुठीत चुरगळून विझवलं, आणि तिच्या कपाळाकडे, केसांकडे, भुवयांकडे बघून घेतलं.

"अशी वाकतात होय, गाढवे," तो म्हणाला. "वारा पाठीकडून येतोय. ज्वाळ तुझ्या बाजूलाच उलटणार. इकडून बघायचं. बाजूने. एका डोळ्याने."

तो स्वतः बाजूने वाकला, एक डोळा मिटला. ती त्याच्या मागे सरकली, त्याच्या खांद्यावरून बघू लागली.

"ही ओळ ठीक आहे," तो म्हणाला. "ते पलीकडचं, भिंतीकडचं काळवंडतंय बघ. वारा तिथे पोचत नाही. उपाशी आहे ते."

"तिकडे अर्धा टाका."

"पाऊण लागेल."

"धूर होईल?"

"दोनदा मिळून पाऊण टाकला तर नाही."

ती उठली. अंगावरची राख झटकली. "पाऊण टाका," ती म्हणाली, "दोनदा मिळून."

म्हाताऱ्याने चमचा भरला.

"चला," मुका म्हणाला, "बोलायला सुरुवात झाली. माझा जीव गुदमरला होता."

खाली मालक बराच वेळ चिमणीकडे बघत राहिला. मग मॅनेजरला म्हणाला, "पुढच्या फेरीचा कोळसा मागवून ठेव." टोळीचं नाव त्याने काढलं नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण वर कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. भिंतीकडच्या भोकात कोळसा पडला होता, आणि त्याने खाली जाऊन पेट घेतला की नाही हे कळायला जरा वेळ लागतो. म्हातारा आणि सून, दोघंही बाजूने वाकून, कान देऊन थांबली होती.